दूध, पाळी आणि पाळणा



मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीला म्हणा की बोरिवलीला म्हणा, सकाळी खिडकी उघडली की पहिले दर्शन होते ते कबुतरांचे. छज्जावर, नळांच्या मागे, जिथे वीतभर जागा मिळेल तिथे चार काड्या टाकून ती आपला संसार मांडतात. बायका वैतागतात, केरसुणी उगारतात. पण याच कबुतरांची एक गोष्ट मी आज प्रथम सांगणार आहे. कारण आजच्या विषयाची किल्ली तिच्यात आहे.

कबुतराला स्तन नाहीत, तरी ते पिलांना दूध पाजते! त्याच्या गळ्याखाली दाणे साठविण्याची जी पिशवी असते, तिच्या आतल्या अस्तरापासून दह्याच्या कवडीसारखा एक पांढरा, घट्ट पदार्थ तयार होतो. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले काही दिवस पिले त्याच्यावरच जगतात. गंमत अशी की, हे दूध मादी पाजते तसाच नरही पाजतो. ऑस्कर रिडल नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी कबुतरांवर प्रयोग करून दाखविले की, मेंदूच्या तळाशी असलेल्या एका ग्रंथीतून निघणारा पदार्थ हे दूध आणतो. १९३३ साली त्यांनी त्याला 'प्रोलॅक्टिन' असे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लॅक' म्हणजे दूध. त्याच्या पाच वर्षे आधी, १९२८ साली, फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे सशांवर झालेल्या प्रयोगांतही याच पदार्थाचा माग लागला होता.

हेच प्रोलॅक्टिन आपल्या आयाबहिणींच्या रक्तातही असते. बाळंतिणीला दूध येते ते त्याच्यामुळे. पण हेच भलत्या वेळी वाढले म्हणजे काय होते? पाळी लांबते, कधी बंदच पडते, आणि लग्नाला तीन-चार वर्षे झाली तरी कूस उजवत नाही. मला आज बोलावयाचे आहे ते याविषयी. विषय संकोचाचा आहे, हे मी जाणते. परंतु या संकोचापायी घराघरांतून किती अश्रू गळतात, हे पाहिले म्हणजे वाटते, बोललेलेच बरे.

मुलुंडच्या एका चाळीतली एक सून आपण डोळ्यांसमोर आणू. ही कोणी एक बाई नव्हे. अशा अनेकींच्या हकिकतींतून मी तिला उभी केली आहे. माहेर आणि सासर दोन्ही साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले, बाजरीच्या मुलखातले. नवरा भांडुपला नोकरीस. ती स्वतः अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्यांच्या कारखान्यात जाते. पहाटे उठायचे, दोघांचे डबे भरायचे, कपभर चहा उपाशीपोटी घशाखाली ओतायचा आणि बस गाठायची. लग्नाला चार वर्षे झालेली. पहिली दोन वर्षे पाळी अगदी वेळच्या वेळी. मग ती लांबू लागली. दीड महिना, दोन महिने, आणि आता पाच महिने झाले तरी पत्ता नाही. पहिल्यांदा सगळ्यांना वाटले, दिवस गेले. गावाकडे सासूबाईंनी देवीला नारळ कबूल केला. तपासणीत कळले, तसे काही नाही.

एवढ्यावर भागले असते तरी ठीक. पण एके दिवशी आंघोळ करताना तिच्या ध्यानात आले की, छातीतून पांढरे थेंब येत आहेत. मूल नाही, आणि दूध! तिच्या काळजाचे पाणी झाले. हे कुणाला सांगायचे? नवरा काय समजेल? सासू गावाहून आली आणि तिच्या दृष्टीस पडले तर? 'लग्नाआधी काही झालं होतं का गं?' असा एक प्रश्न कुणी विचारला, तर तिने काय उत्तर द्यावे? म्हणून ती पोलक्याच्या आत फडक्याची घडी ठेवून कामाला जात राहिली. शेजारी डोहाळजेवण झाले, तिला बोलावणे आले नाही. गावाकडून सासूबाईंचा फोन आला, "पोरा, आमचं काय राहिलंय आता? पर वंश तर बघायला पायजे."

अशी बाई दवाखान्यात येते तेव्हा दुधाचे काही बोलत नाही. पाळीचे तेवढे सांगते. मग डॉक्टरीणबाईंनाच विचारावे लागते, "छातीतून दूध येतं का गं?" हा प्रश्न ऐकला की तिच्या डोळ्यांना धारा लागतात. "बाई, तुम्हाला कसं कळलं?"

कळावयाला काही जादू लागत नाही. पाळी थांबणे आणि अवेळी दूध येणे ही पुष्कळदा एकाच झाडाची फळे असतात. ते झाड कसे आहे, ते आता पाहू.

खरे म्हणजे आपल्या आजीला हे झाड ठाऊक होते, नाव तेवढे ठाऊक नव्हते. मूल अंगावर पीत आहे तोवर पाळी येत नाही आणि पाठचे लवकर राहत नाही, हे खेड्यातली कोणतीही म्हातारी सांगेल. निसर्गाचा हिशोब सरळ आहे. एक मूल पदराखाली आहे, तोवर दुसरे नको. मूल छाती ओढू लागले की आईचे प्रोलॅक्टिन वाढते, आणि अंडाशयाला कामाला लावणारी मेंदूतली यंत्रणा मंदावते. आजीच्या या ज्ञानाला पुढे वैद्यकाने माप घातले. १९८८ साली इटलीतील बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितले की, तीन गोष्टी एकत्र असतील तरच या सोयीवर भरवसा ठेवावा. मूल सहा महिन्यांच्या आतले असावे. ते दिवसा आणि रात्रीही केवळ अंगावरच पीत असावे. आणि बाळंतपणानंतर पाळी सुरू झालेली नसावी. तिन्ही असतील तर दिवस राहण्याचा संभव शंभरांत दोहोंहून कमी. यांतली एक जरी गोष्ट सुटली, तरी दुसरा उपाय योजावा. नाहीतर आजीच्या भरवशावर राहून पाठचे लगेच येते!

आता मुलुंडच्या सुनेचे पाहा. पदराखाली मूल नाही. पण तिच्या शरीराला निरोप मात्र असा गेला आहे की, मूल पीत आहे. शरीर बिचारे आज्ञाधारक. त्याने दूध तयार केले आणि अंडाशयाचे काम थांबविले. तिच्या हातून काही पाप घडले नाही, की कुणाची दृष्ट लागली नाही. निरोप तेवढा चुकीचा गेला.

हा निरोप जातो कसा? शिक्षक बंधूंनी आणि भगिनींनी हे फळ्यावर काढून दाखवावे, असे आहे. आपल्या मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या एका खळगीत वाटाण्याएवढी एक ग्रंथी बसलेली असते. तिला पीयूषिका ग्रंथी म्हणतात. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, पण कारभार केवढा! उंची वाढविणे, अवटु ग्रंथीला चालना देणे, अंडाशयाला कामाला लावणे, हे सर्व तिच्या संप्रेरकांनी होते. संप्रेरक म्हणजे रक्तातून धाडलेला निरोप्या. प्रोलॅक्टिन हा त्यांतलाच एक. दूध तयार करणे हे त्याचे काम. पान्हा सोडण्याचे काम ऑक्सिटोसिन नावाचा दुसरा निरोप्या करतो.

पीयूषिकेच्या वरच्या अंगाला अधश्चेतक नावाचा मेंदूचा भाग आहे. तो तिचा मुकादम. बहुतेक संप्रेरकांच्या बाबतीत मुकादमाने 'सोड' म्हटले की पीयूषिका सोडते. प्रोलॅक्टिनची रीत मात्र उलटी आहे. ते सदैव सुटण्याच्याच तयारीत असते आणि मुकादमाला ते सतत धरून ठेवावे लागते. गोठ्यातले वासरू आठवा. त्याला गाईकडे जा म्हणून सांगावे लागत नाही. दाव्याला बांधूनच ठेवावे लागते. दावे सैल झाले की ते धावलेच. प्रोलॅक्टिनच्या गळ्यातले हे दावे म्हणजे डोपामिन नावाचा पदार्थ. मूल छाती ओढते तेव्हा हे दावे तेवढ्यापुरते सैल होते. ते भलत्याच कारणाने सुटले, तर मूल नसतानाही दूध येते.

आणि पाळीचे काय? शाळेत शिपाई तासातासाला घंटा देतो, तशी अधश्चेतकही दर तास-दीड तासाने एक घंटा देत असतो. ती ऐकून पीयूषिका अंडाशयाला निरोप धाडते. मग अंडाशयात एक अंडपेशी पिकते, बाहेर पडते, गर्भाशयाचे अस्तर तयार होते, आणि गर्भ राहिला नाही तर ते अस्तर पाळीच्या रूपाने बाहेर जाते. प्रोलॅक्टिन फार वाढले की घंटा देणाऱ्या शिपायाला डुलकी लागते. घंटा नाही, म्हणून तास बदलत नाहीत. अंडपेशी पिकत नाही, म्हणून पाळी येत नाही. थोडेसेच वाढले तर पाळी येते, पण अंडपेशी नीट सुटत नाही किंवा गर्भाशयाचे अस्तर गर्भ धरण्याइतके टिकत नाही. आणखी वाढले की पाळी लांबते. खूप वाढले की बंद पडते. गर्भारपण नसताना ज्यांची पाळी थांबते, अशा दहा बायकांत एकदोघींच्या बाबतीत कारण हे प्रोलॅक्टिनच असते. सगळ्यांच्याच छातीतून दूध येते असे नाही. दूध नाही म्हणून हे कारण नाही, असे समजू नये.

पाळी नाही तर नाही, कटकट मिटली, असेही काही जणी म्हणतात. तसे म्हणू नये. घंटा बंद पडली की अंडाशयातून निघणारे ईस्ट्रोजेन हे संप्रेरकही कमी पडते, आणि वर्षानुवर्षे तसे राहिले तर तरुण वयातच हाडे ठिसूळ होऊ लागतात. मूल नको असलेल्या बाईनेही हे दुखणे अंगावर काढू नये, ते याचसाठी.

दावे सुटते कशामुळे? पहिले कारण अगदी नैसर्गिक. दिवस राहिले की प्रोलॅक्टिन वाढतेच. म्हणून पाळी चुकली की प्रथम गर्भाची तपासणी करावी, मग बाकीचे.

दुसरे कारण औषधे. हे नीट ऐका, कारण ते घरातल्या डब्यातच दडलेले असते. उलटी, मळमळ, अपचन यांवर डोमपेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड, लेवोसल्पिराइड अशी औषधे देतात. ती डोपामिनचे काम अडवितात. म्हणजे वासराचे दावेच कापतात. पित्ताच्या गोळीत पॅन्टोप्राझोलसारख्या औषधाबरोबर डोमपेरिडोन मिसळलेले पुष्कळदा असते, आणि अशा गोळीच्या नावापुढे बहुधा 'डी' हे अक्षर दिसते. डॉक्टरांनी चार दिवसांसाठी दिली तर भिण्याचे कारण नाही. पण औषधांच्या दुकानातून आपल्या मनाने आणून तीच गोळी रोज सकाळी दोन-दोन वर्षे घेणे, हे वेगळे. मनाच्या आजारावरची रिस्पेरिडोनसारखी काही औषधेही प्रोलॅक्टिन वाढवितात. मात्र ती औषधे आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांनाच पाळीचे सांगावे. ते बदलून देऊ शकतात.

तिसरे कारण अवटु ग्रंथीचे, जिला आपण थायरॉइड म्हणतो. ती मंद पडली की तिला जागे करण्यासाठी मुकादम ओरडू लागतो, आणि त्या ओरड्याने आमचे वासरूही उधळते. अशा बाईला थकवा येतो, थंडी सोसवत नाही, वजन वाढते, मलावरोध होतो. थायरॉइडची गोळी सुरू केली की बहुधा प्रोलॅक्टिनही आपोआप ताळ्यावर येते.

चौथे कारण पीयूषिका ग्रंथीतच उठलेली गाठ. गाठ म्हटले की कर्करोग डोळ्यांपुढे येतो. परंतु ही गाठ जवळजवळ नेहमीच साधी असते. बायकांमध्ये ती बहुधा एक सेंटिमीटरहून लहान, म्हणजे ज्वारीच्या किंवा तुरीच्या दाण्याएवढी असते. मोठी झाली तर डोके दुखते आणि दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते. टांग्याच्या घोड्याला झापडे लावावीत तसे फक्त समोरचेच दिसते. असे झाल्यास एक दिवसही वाया घालवू नये.

याखेरीज मूत्रपिंडाचा जुना विकार, छातीवर उठलेली नागीण, अशी किरकोळ कारणेही आहेत. काही वेळा कारण सापडतच नाही, तरी उपाय लागू पडतो. आणखी एक. छातीतून रक्तासारखा स्राव येत असेल, एकाच बाजूने येत असेल, किंवा हाताला गाठ लागत असेल, तर ते प्रकरण निराळे आहे. त्यासाठी लगेच डॉक्टरांना दाखवावे.

आता तपासणीकडे वळू. दंडातले थोडे रक्त घेतले की काम होते. गर्भार नसलेल्या व अंगावर न पाजणाऱ्या बाईच्या रक्तात प्रोलॅक्टिन साधारणपणे दर मिलिलिटरमागे २५ नॅनोग्रॅमपर्यंत असते. प्रयोगशाळेप्रमाणे हा आकडा थोडा मागेपुढे होतो. २०० च्या वर गेले तर बहुधा गाठीची शंका घेतात. पण हे संप्रेरक मोठे हळवे आहे. झोपेत ते वाढते, दगदगीने वाढते, सुईच्या भीतीनेसुद्धा वाढते. म्हणून पहाटे उठल्याउठल्या रक्त देऊ नये. उठून दोन-तीन तास होऊ द्यावेत. बोरिवलीहून निघालेली बाई लोकलच्या बायकांच्या डब्यात चेंगरून, पूल चढून-उतरून, धापा टाकीत प्रयोगशाळेत पोहोचली आणि तशीच सुईसमोर बसली, तर आकडा चढणारच! अर्धा तास शांत बसावे, मग रक्त द्यावे. आकडा थोडाच चढलेला असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासतात. दूध येते की नाही ते पाहण्यासाठी छाती वारंवार दाबू नये. त्यानेही प्रोलॅक्टिन वाढते आणि दूध थांबत नाही. औषधाचे, थायरॉइडचे किंवा गर्भाचे कारण नाही असे ठरले आणि आकडा चढलेलाच राहिला, तर डॉक्टर मेंदूचा एमआरआय काढावयास सांगतात.

एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. माणसाच्या प्रोलॅक्टिनची खात्रीची ओळख पटली आणि त्याचे रक्तातले मोजमाप करता येऊ लागले ते १९७०-७१ च्या सुमारास. त्यापूर्वी कितीही हुशार वैद्य असला तरी त्याच्या हाती हे माप नव्हते. आपल्या आज्या-पणज्यांपैकी किती जणी या दुखण्यापायी 'वांझ' म्हणून हिणविल्या गेल्या असतील, किती जणींच्या उरावर सवत आली असेल! त्यांचा काळ गेला. आज माप आहे आणि औषधही आहे. तरी एखादी बाई तेच बोल ऐकत असेल, तर तो दोष आपला.

औषधाची कुळकथा बाजरी पिकविणाऱ्यांना आवडेल. बाजरीवर अरगट पडतो, तो आपण पाहिला असेल. कणसातून मधासारखा चिकट रस गळतो आणि दाण्याच्या जागी काळपट गाठी धरतात. हा बुरशीचा रोग. म्हणून पेरणीपूर्वी बी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे फेकून देतात. असे दाणे पोटात गेले तर विषबाधा होते. युरोपात राय नावाच्या धान्यावर याच कुळातली बुरशी पडते. तिच्यातल्या विषारी द्रव्यांवर काम करता करता स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ब्रोमोक्रिप्टिन हे औषध तयार केले, आणि १९७० नंतरच्या दशकात ते बायकांच्या उपचारात आले. ते डोपामिनसारखेच काम करते. म्हणजे सुटलेल्या वासराला पुन्हा दावे लावते. पुढे कॅबरगोलिन हे त्याच कुळातले औषध आले. ब्रोमोक्रिप्टिन रोज घ्यावे लागते; कॅबरगोलिन आठवड्यातून एकदा किंवा दोनदा पुरते. सुरुवातीला मळमळते, उठताना चक्कर येते. म्हणून रात्री जेवणाबरोबर, थोड्या मात्रेने सुरुवात करतात. बहुतेक जणींचे प्रोलॅक्टिन याने खाली येते, दूध आटते, पाळी सुरू होते. लहान गाठही पुष्कळदा याच गोळ्यांनी आकसते. शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवरच येते. मात्र अरगटापासून औषध झाले म्हणून कुणी रोगट बाजरी दळून खाऊ नये हो! औषध मिलिग्रॅमच्या मापाने असते, आणि विषाला माप नसते.

गोळ्या सुरू झाल्यावर एका गोष्टीची आठवण ठेवावी. आधी अंडपेशी सुटते, पाळी त्यानंतर येते. म्हणून पहिली पाळी यायच्या आतच दिवस राहू शकतात. ज्यांना मूल हवे त्यांनी पाळी आली नाही म्हणून निराश न होता तपासणी करावी. ज्यांना इतक्यात नको त्यांनी सुरुवातीपासून उपाय योजावा. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे. गाठ नसेल किंवा लहान असेल तर ते बहुधा गोळी थांबवितात. गाठ मोठी असेल तर नऊ महिने नजर ठेवतात.

आता आपल्या मुलुंडच्या सुनेकडे परत जाऊ. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारले, "कोणत्या गोळ्या घेतेस का?"

"नाही बाई, काहीच नाही."

"डोकेदुखीची? पित्ताची?"

"पित्ताची घेते की सकाळी एक. ती काय गोळी म्हणायची? ती आपली रोजचीच."

पिशवीतून पाकीट निघाले. त्यावर डोमपेरिडोन होतेच. दोन वर्षांपासून रोज एक. आणि पाळी बिघडून झाली होती तीही दोनच वर्षे. रक्त तपासले, प्रोलॅक्टिन चौपट. थायरॉइड ठीक. डॉक्टरीणबाईंनी ती गोळी बंद केली, सकाळच्या चहाआधी भाकरीचा तुकडा खायला सांगितले, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले. आकडा उतरला होता. दूध हळूहळू आटले, आणि दोन महिन्यांच्या आत पाळी आली. एवढ्याशा गोळीने एवढे रामायण! अशा गोष्टीचा शेवट दर वेळी पाळण्यानेच होईल, असे मी म्हणणार नाही. मूल न होण्याला दुसरीही कारणे असतात. पण तिच्या मनावरचे ओझे मात्र त्याच दिवशी उतरले, ज्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला आत बोलावून सांगितले, "हे दूध गोळीमुळे आलंय. हिच्यावर कसलाही संशय घेऊ नका."

नवऱ्याला आत बोलावणे मला महत्त्वाचे वाटते. मूल न होणे हा जोडप्याचा प्रश्न आहे. जितक्या वेळा कारण बाईत सापडते, जवळजवळ तितक्याच वेळा ते पुरुषातही सापडते. प्रोलॅक्टिन पुरुषाच्या रक्तातही असते. ते वाढले तर त्याची इच्छा मंदावते आणि वीर्यातले शुक्रजंतू कमी होतात. बायकोला दहा ठिकाणी फिरविण्याआधी नवऱ्याने आपली एक साधी तपासणी करून घ्यावी, यात कमीपणा कसला?

उपनगरांतल्या स्टेशनांबाहेर आता वंध्यत्व उपचारांच्या मोठमोठ्या पाट्या दिसतात. त्या शास्त्राचा मुंबईला अभिमान वाटावा असाच आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भ राहिलेल्या एका मुलीचा जन्म झाला. परळलाच भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची प्रजननावर संशोधन करणारी संस्था आहे. तिचे शास्त्रज्ञही या कामात होते. पण ती शिडीची वरची पायरी आहे. खालच्या पायऱ्या आधी चढाव्यात. शेतजमीन गहाण टाकून मोठ्या उपचारांच्या मागे लागण्यापूर्वी प्रोलॅक्टिन, थायरॉइड आणि नवऱ्याची वीर्यतपासणी झाली आहे ना, हे विचारावे. घाटकोपरला राजावाडी, अंधेरीजवळ कूपर, अशी महापालिकेची रुग्णालये आहेत. तेथील स्त्रीरोग विभागात दाखविता येते. गावाकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारावे. तेथून तालुक्याला वा जिल्हा रुग्णालयात पाठवितात. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. ही एक सवय लावून घेतली, तर निम्मे काम झाले म्हणून समजा.

शेवटी शिक्षकांसाठी दोन शब्द. गावात पाकिटावरचे इंग्रजी नाव वाचून घ्यायला लोक आपल्याकडेच येतात. ते वाचून द्या, आणि ही गोळी किती दिवसांपासून चालू आहे हेही विचारा. शाळेतल्या बाईंनी मोठ्या मुलींना एवढे जरूर सांगावे की, एकदा सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षे पुरी होऊनही सुरूच झाली नाही, तर आईला सांगून डॉक्टरांकडे जावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आणि सासूबाईंनो, आपणांस एक विनंती. शेजारच्या डोहाळजेवणाला, बारशाला, हळदीकुंकवाला जिला मूल नाही त्या सुनेलाही बोलवा. ओटी भरताना तिला मागे बसवू नका. तिच्या शरीरात एखादा निरोप चुकला असेल; तो दुरुस्त करता येतो. आपला शब्द चुकला, तर तो मात्र तिच्या मनात जन्मभर राहतो.